ब्रेकातली हवा

परळीत आमचं घर शोधायला पत्ता लागत नसे. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्याला वळलं की करडईच्या तेलाचा वास यायचा आणि त्या वासामागं चालत राहिलं की माणूस आपसूक आमच्या उंबऱ्यात. खाली दुकान, दुकानामागं विजेवरचा घाणा, आणि वरच्या मजल्यावर आम्ही चौघं: अप्पा, आई, मी आणि अप्पांचा धाकटा भाऊ मन्मथकाका. अप्पांची लिंगपूजा झाली, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून झाले की ते खाली उतरून घाण्याचं बटण दाबायचे, आणि मग दिवेलागणीपर्यंत सबंध घर घरघरत राहायचं. फडताळातली भांडी थरथरायची. मधूनच औष्णिक केंद्राचा भोंगा व्हायचा, वैजनाथाच्या देवळातली घंटा ऐकू यायची, कोळशाची मालगाडी जायची, आणि वाळत घातलेल्या साड्यांवर राखेची बारीक पूड येऊन बसायची. पाहुणे विचारायचे, ह्या आवाजात तुम्ही एकमेकांशी बोलता तरी कसं? आम्ही ओरडून बोलायचो. अजूनही मी फोनवर बोलायला लागले की माझी सून खोलीचं दार हळूच लोटून घेते. लोटू दे बापडी.

तेल हे आमच्या घरात सगळ्यावरचं औषध होतं. दार कुरकुरलं, घाल तेल. सायकलची चेन, शिवणयंत्र, गंजलेलं कुलूप, फुटलेली टाच, दुखणारा कान, घाण्याच्या चामडी पट्ट्याला पडलेली भेग, सगळ्याला अप्पांचं एकच उत्तर. जेवणाचं तर विचारूच नका. गरम भाकरीचा पापुद्रा उघडून आत काळा मसाला, आणि त्यावर घाण्यावरून नुकतंच आलेलं कोमट तेल. आई येसराची आमटी करायची तेव्हा तिच्यावर तेलाचा असा तवंग असायचा की भाकरी बुडवताना आधी तो बाजूला सारावा लागे. आज माझ्या ओट्यावर पिशवीतलं रिफाइंड तेल असतं. त्याला वास नाही, रंग नाही, डॉक्टरची काही हरकत नाही. आणि त्यात केलेली कुठलीही भाजी खाताना मला आपण आजारी आहोत असं वाटत राहतं.

त्या स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त खाणारा माणूस म्हणजे मन्मथकाका. पस्तिशीला आला तरी लग्न नाही. कुणी विषय काढला की म्हणायचा, माझं लग्न कवाच झालंय, ती बघा खाली उभी हाय. खाली उभी असायची आमची काळी अँबेसिडर. रस्त्याची कंत्राटं घेणाऱ्या एका गुत्तेदारानं पार पिळून काढून विकली होती, ती अप्पांनी घेतली आणि काकानं जिवंत ठेवली. काका कुठल्या शाळेत हे शिकला नव्हता. स्टेशनजवळच्या एका गॅरेजात तासन्‌तास उभं राहून, दुसऱ्यांच्या गाड्या उघडलेल्या बघून तो शिकला. जेवायला यायचा तो कोपरापर्यंत काळा होऊन, आणि आई त्याच्या ताटात भाकरी वरून टाकायची, म्हणायची, तुमचा हात लागला तर पीठ बाटंल माझं. अप्पा त्याच्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठे. आजोबा लवकर गेल्यामुळं काका अप्पांच्याच मांडीवर वाढलेला. त्यामुळं दोघांत भावाचं कमी आणि बापलेकाचं नातं जास्त होतं, म्हणजे प्रेम पोटात आणि ओठांवर फक्त कामाच्या गोष्टी.

गाडी हौसेची नव्हती. आईला दमा होता, माहेराहूनच घेऊन आली होती ती तो. थंडीत उबळ आली की तिचे ओठ निळे पडायचे, आणि मग तिला गाडीत घालून अंबाजोगाईच्या दवाखान्यात न्यावं लागायचं, मध्ये घाट. अप्पांना गाडी येत नव्हती, शिकायची तयारीही नव्हती. एकदा काका युसूफ वडगावच्या बाजारात करडई बघायला गेलेला, आणि इकडे आईला उबळ आली. गाडी दारात आणि चालवणारा नाही. अप्पा नुसते चाकाजवळ उभे राहून हात चोळत होते. शेवटी एक टेंपोवाला मिळाला. आई वाचली, पण दुसऱ्याच दिवशी काकानं मला गाडीत बसवलं आणि म्हणाला, उद्यापासून तू शिकणार. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. पोरीची जात गाडी चालवायली म्हणून गल्लीत चांगली महिनाभर करमणूक झाली. बोलणाऱ्यांना काय, बोलायला काहीतरी लागतंच. मी नाकावरचा राग नाकावरच ठेवून क्लच सोडायला शिकले. माझं नाव महानंदा, पण काका सुखात असला की नंदे म्हणायचा आणि मी गिअर चुकवला की महानंदाबाई.

ही गोष्ट त्याच्या पुढच्या वर्षाची. बाजारात पॅकबंद तेलाच्या पिशव्या आल्या होत्या. गिऱ्हाईक येऊन आधी पिशवीची किंमत सांगायचं आणि मग आमच्या तेलाची विचारायचं. घाण्याचा आवाज दुपारीच थांबायला लागला, आणि त्या शांततेची आम्हाला इतकी सवय नव्हती की आम्ही तरीही ओरडूनच बोलत होतो. अशातच काकाला पुण्याहून पत्र आलं. नव्या नव्या गाड्या रस्त्यावर येत होत्या, त्यांचं एक मोठं वर्कशॉप तिथं निघालं होतं, आणि काकाच्या ओळखीच्या एका माणसानं त्याचं नाव सुचवलं होतं. पुढच्या एक तारखेला हजर व्हायचं. नाही झालास तर दुसरा घेऊ, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. काकानं ते जेवताना वाचून दाखवलं. आईनं आमटी वाढायची पळी तशीच हातात धरली. अप्पा घास गिळेपर्यंत थांबले आणि म्हणाले,

"जा की. मी कवा न्हाई म्हणलं? फक्त गाडीचा ब्रेक नीट करून जा. तुझ्या वहिनीला घाटातनं न्यावं लागतंय."

म्हणणं रास्त होतं. ब्रेक खरोखरच बिघडला होता. पायडल दाबलं की आधी लागल्यासारखं वाटायचं आणि मग पायाखालून हळूहळू खाली जात जात पार फळीला टेकायचं. दोन-तीनदा भराभर मारलं तर गाडी थांबायची. कुठं तेल गळत नव्हतं. काकानं लगेच ओळखलं, मास्टर सिलिंडर गेला. मला त्यानं समजावलं होतं ते असं: पाय दाबला की ह्या लोखंडी नळकांड्यात एक दट्ट्या पुढं सरकतो आणि तेल चारी चाकांकडं ढकलतो, दट्ट्यावरचं रबर झिजलं की तेल पुढं जायच्या ऐवजी बाजूनं मागं येतं, आणि माणूस नुसता दाबत बसतो. नवा सिलिंडर इतक्या जुन्या गाडीला चटकन मिळत नव्हता. आतल्या रबरी वायसरांचा संच मिळत होता. अप्पा व्यापाराच्या कामाला लातूरला निघाले होते. काकानं चिठ्ठी लिहून दिली. अप्पांनी संच आणला, आणि आणलाय असं सांगितलंही. दुकानात ठेवलाय, काढून देतो.

काढून देतो म्हणता म्हणता पाच दिवस गेले. कधी किल्ली सापडत नव्हती, कधी गिऱ्हाईक होतं, कधी आज अमावास्या, आज लोखंडाला हात लावू नको. काकानं तोवर सिलिंडर उतरवून, धुऊन, आतल्या भिंतीवर पडलेली रेघ बारीक पॉलिश पेपरनं घासून घासून आरशासारखी केली होती. शेवटी तो दुकानात जाऊन अप्पांसमोर उभाच राहिला. अप्पांनी खालच्या फळीवरून एक झाकणाचा डबा काढला. आत करडईचं तेल, आणि त्या तेलात आमचे वायसर.

"रबर वाळू नये म्हणून घातले," अप्पा म्हणाले. "घाण्याचा पट्टा आपण तेलातच ठेवतो की."

काकानं एक वायसर बोटांनी बाहेर काढला. भिजत घातलेल्या वाटाण्यासारखा टम्म फुगला होता. सिलिंडरच्या तोंडाशी धरून बघितला, आत जायचं नावच नाही. मी तिथंच उभी होते, मला वाटलं आता भडका उडणार. पण काका इतकंच म्हणाला, दादा, ब्रेकच्या रबराला खायचं तेल चालत न्हाई. अप्पा म्हणाले, मला काय ठाऊक, आमाला तेलाशिवाय दुसरं काय कळतंय. आणि चष्मा लावून वही उघडली.

मी वर आले आणि जिन्यातच थबकले. तेलाच्या पिंपाच्या तोटीला रबराचा वायसर कधीही लावायचा नाही, तेलानं रबर फुगतं, चामड्याचाच लावायचा, हे मला लहानपणी शिकवलं होतं कुणी? अप्पांनीच. चाळीस वर्षं तेलात हात बुडवून बसलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं? मला इतकी चीड आली अप्पांची, की माणसानं सरळ तोंड उघडून सांगावं ना, राहा म्हणून. आणि चीड येता येताच मला हेही कळलं की मला बरं वाटतंय. पाच दिवस मिळाले होते. दुसरा संच येईपर्यंत अजून चार मिळाले. आईनंही आपल्या परीनं सुरू केलं होतं. काकाची पेटी भरलेली होती, तर ती रोज त्यातले दोन शर्ट, कॉलर मळलीय म्हणून धुवायला काढायची. धुतलेलेच शर्ट ती पुन्हा धूत होती.

दुसरा संच काका स्वतः जाऊन घेऊन आला आणि खिशातून काढलाच नाही, थेट सिलिंडरमध्ये बसवला. वायसर ब्रेक ऑइलमध्ये बुडवून, दट्ट्या हलक्या हातानं फिरवत फिरवत आत सरकवला. सिलिंडर गाडीला चढवला. आता राहिलं होतं एकच काम, हवा काढायचं. सिलिंडर उघडला की नळ्यांमध्ये हवा शिरते, आणि हवा असली की ब्रेक लागत नाही, कारण तेल दबत नाही पण हवा दबते. ती काढायला दोन माणसं लागतात. एक वर पायडलवर, एक खाली चाकापाशी. खालचा म्हणतो दाब, वरचा दाबतो. धर म्हटलं की वरच्यानं पाय दाबून धरायचा, खालचा चाकामागचं छोटं निपल सैल करतो, तेलाबरोबर फसफस करत हवा बाहेर पडते, पायडल फळीला टेकतं. खालच्यानं निपल घट्ट केलं आणि सोड म्हटलं, की मगच पाय उचलायचा. त्याआधी उचलला तर बाहेरची हवा परत आत ओढली जाते, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. काकानं हे मला दोनदा समजावून सांगितलं. त्यानं समजावलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला पुढं कितीतरी वेळा वाटलं.

आम्ही दुपारची जेवणं झाली की अंगणातल्या कडुलिंबाखाली सुरू करायचो. काका पोत्यावर आडवा होऊन चाकामागं, मी स्टिअरिंगवर. मला तो दिसत नसे, त्याला माझा पाय दिसत नसे. फक्त आवाज. दाब. धर. सोड. दाब. धर. सोड. सगळ्यात लांबचं, मागचं डावं चाक आधी. तिसऱ्या की चौथ्या खेपेला माझ्या मनात आलं, की हे आज संध्याकाळपर्यंत होईल आणि उद्या काका जाईल. आणि त्यानं सोड म्हणायच्या आधीच मी पाय उचलला. थोडासाच. खालून ‘चुक्क’ असा बारीक आवाज झाला. काकाला काही कळलं नाही, तो पुढं दाब म्हणाला.

मी तीन दिवस हे केलं. एक दिवस नाही, तीन दिवस. प्रत्येक खेपेला नाही, पण दर चाकाला दोन-तीनदा. संध्याकाळी काका गाडीत बसून पायडल दाबून बघायचा, ते मऊ लागायचं, आणि तो डोकं खाजवत उतरायचा. त्यानं प्रत्येक नळीचा जोड पुन्हा आवळला. सिलिंडर परत उतरवून वायसर तपासले. संच नकली आहे का म्हणून त्या गॅरेजवाल्या मित्राला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, माल तो असली है, तेरे हाथ को क्या हुआ रे मन्मथ? काकाला ते लागलं. हाताला काय झालंय हे त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं. त्या रात्री तो नीट जेवला नाही, आणि मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या, कारण मला फार आनंद झाला होता. लिहिताना लाज वाटते, पण झाला होता. एक तारीख चार दिवसांवर आली होती.

चौथ्या दुपारी आम्ही पुन्हा सुरू केलं. मागचं डावं चाक. धर म्हणाला, मी धरलं. निपल सैल झालं, पायडल खाली गेलं. मग तो नेहमीपेक्षा जास्त वेळ काही बोलला नाही. मी वाट पाहिली आणि पाय अलगद उचलला.

"नंदे," तो खालून म्हणाला, "पाय धरलायस का?"

"धरलाय," मी म्हणाले.

पान्हा जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. काका चाकामागून उठला, चिंधीला हात पुसत पुसत आला आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसला. दार लावून घेतलं. त्यानं निपल उघडं ठेवून त्याच्यावर बोट धरलं होतं, आणि मी पाय उचलल्याबरोबर त्याचं बोट आत ओढलं गेलं होतं. हे त्यानं मला सांगितलं, अगदी साधेपणानं, गाडीतला एखादा बिघाड सांगावा तसं. मग विचारलं, कवापासून करायलीस? मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून.

"कावून?"

"तू जाऊ नयेस म्हणून."

मला वाटलं तो हसेल. निदान महानंदाबाई म्हणेल. तो समोरच्या काचेतून लिंबाकडं बघत बसला. दुकानात घाणा बंद होता, त्यामुळं वर आई शर्ट आपटत होती तेही ऐकू येत होतं.

"दादानं वायसर तेलात घातले," तो म्हणाला. "वहिनी धुतलेलं धुवायली. तू हवा आत घेयलीस. तोंडानं मात्र एक माणूस म्हणत न्हाई, मन्मथा, राहा. कारण म्हणलात तर मी राहीन, हे तुमाला सगळ्यांला ठाऊक हाय. आन् मग जलमभर ते तुमच्या अंगावर."

मी म्हटलं, मग मी म्हणते, राहा.

"मला ऱ्हायचं न्हाई, नंदे. मला जावं वाटायलंय. लई वाटायलंय."

हे मला ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं. घाणा चालेना, घरात एक तोंड कमी व्हावं, म्हणून काका नाइलाजानं चाललाय, असं मी मनाशी धरून बसले होते. त्या माणसाला स्वतःला काही हवं असेल, आमच्या घराबाहेर, आमच्या तेलाच्या वासाबाहेर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पस्तीस वर्षं जो आमच्या प्रत्येक हाकेला ओ देत होता, त्याला आम्ही कधी विचारलंच नव्हतं. मला रडू आलं, आणि रागही आला, त्याचा, की तू एवढा सुखात होतास आमच्यात, ते काय खोटं होतं? मी तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, खोटं कावून आसंल? सुखात होतो म्हणून तर इतकी वर्षं निघालो न्हाई. मग, आवाज न चढवता,

"आन् एक सांगतो. ह्या ब्रेकवर वहिनीला घेऊन तू घाट उतरणार हाईस. मी नसणार. हवा आत ठेवून तू कुणाला आडवायलीस?"

तीन दिवस मी रोज आईच्या हातचं खाऊन खाली येत होते आणि रोज तिच्या जिवाशी खेळत होते, आणि हे मला सुचलं नव्हतं. काका दार उघडून उतरला, माझ्या बाजूनं आला. म्हणाला, उतर. खाली तू जा. पान्हा तू धर, पायडलवर मी बसतो.

मी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधली आणि पोत्यावर आडवी झाले. खालून गाडी फार वेगळी दिसते, सगळं काळं, धुळकट. जमिनीला ब्रेक ऑइलचा गोडसर वास येत होता. चार दिवस काका इथं पडून माझ्यावर विश्वास ठेवून दाब, धर, सोड म्हणत होता. आता ते मी म्हणायचं होतं. पहिलं दाब मी अगदी हळू म्हटलं. काकानं वरून विचारलं, काय म्हणलीस? मग मी आमच्या घरातल्या सवयीनं ओरडले, दाब. निपल सैल केलं की तेल खालच्या डब्यात पडायचं, आधी फेसाळ, मग बुडबुड्यांचं, मग एकेक बुडबुडा. वरचा पाय जराही हलत नव्हता. मागचं डावं झालं, मागचं उजवं झालं, पुढचं डावं झालं. ऊन लिंबाच्या खोडावरून पलीकडं सरकलं. आई वरच्या गॅलरीत येऊन उभी राहिली होती, पोरगी गाडीखाली का आणि दीर वर का, हे तिनं विचारलं नाही.

शेवटचं चाक, पुढचं उजवं. दोन खेपांत तेल स्वच्छ यायला लागलं. एकही बुडबुडा नाही, सरळ धार. पान्हा माझ्या हातात होता, काकाचा पाय पायडलवर होता, आणि अर्धा फेरा आवळला की काम संपत होतं. मी थांबले. किती थांबले ते सांगता येणार नाही. काकानं वरून घाई केली नाही, पाय उचलला नाही. मी तो अर्धा फेरा आवळला आणि सोड म्हणाले.

काका पुण्याला रमला. तिथंच त्यानं उशिरा लग्न केलं, त्याच्या हाताखाली पुढं पंधरा-वीस माणसं होती. महाशिवरात्रीला यायचा, पाहुण्यासारखा, मिठाईचा पुडा घेऊन. आई त्याच्या ताटात भाकरी आता हातानं ठेवायची, कारण त्याचे हात स्वच्छ असत, आणि मला ते बघवत नसे. घाणा दोन वर्षांत बंदच झाला. तीन वर्षांपूर्वी काका गेला. त्याच्या मुलानं मला विचारलं, ताई, बाबा परळीला असताना कसे होते? मी खूप सांगितलं, दुपारभर सांगत बसले, पण हे सांगितलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवतेय. मला अजूनही ते अंगण हवं असतं. मोठं काही नको. ती दुपार, तो लिंब, आणि गाडीखालून येणारा तो आवाज. पुढं मी कितीतरी गाड्या चालवल्या. ब्रेकला काही झालं तर आताच्या गाडीत लाल दिवा लागतो, घंटी वाजते. तेव्हा माणूस लागायचा.

तो निघाला त्या सकाळी मीच गाडी काढली. काका माझ्या शेजारी, अप्पा मागं, त्यांच्या मांडीवर काकाची पत्र्याची पेटी, डिकीत ठेवू दिली नाही त्यांनी. आईनं धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि तेलाची बाटली बांधून दिली होती आणि ती घरीच राहिली. स्टँडच्या अलीकडं जो उतार आहे तिथं पोचले आणि माझ्या मनात आलं, खोटं कशाला बोलू, की आता पायडल खाली जाऊ दे, थोडंसंच, म्हणजे काका म्हणेल, थांब, हे बघावं लागंल. उताराच्या तळाशी एक म्हातारी दोन शेळ्या घेऊन आडवी आली. मी पाय दाबला. गाडी पहिल्याच दाबात जागच्या जागी उभी राहिली. शेजारी काकाचा उजवा पायही सवयीनं पुढं रेटला गेला होता. तो त्यानं मागं घेतला.

स्टँडच्या दारात मी गाडी लावली. पुण्याची बस उभीच होती. काका पेटी घ्यायला मागं वळला, तर अप्पा आधीच खाली उतरले होते. ज्या माणसानं आयुष्यात तेलाचा डबासुद्धा नोकराकडून उचलून घेतला, त्यानं ती पेटी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"चल बे मन्मथा," ते म्हणाले. "खिडकीची जागा जाईल."

आणि बसकडं चालायला लागले. काका त्यांच्यामागून रिकाम्या हातांनी गेला. मी दोघांच्या पाठी दिसत होत्या तोवर बघत राहिले. गाडी बंद होती, हँडब्रेक ओढलेला होता, तरी माझा पाय ब्रेकवर तसाच होता, सगळं बळ लावून दाबलेला, आणि पायडल तसूभरही खाली गेलं नाही.